गोधडीची खोळ

दुपारचे तीन वाजले की शेषराव घरी जायला निघत. भिलाईजवळच्या रिसालीतलं हे घर त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं, पण गेल्या दोन-तीन वर्षांत ते त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. त्यांचं घर म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीतला, सेक्टरातला सात बी क्वार्टर. तिथे एकतीस वर्षं राहून त्यांनी ब्लास्ट फर्नेसच्या तिन्ही पाळ्या केल्या होत्या. तो क्वार्टर पाडल्यालाही आता चार वर्षं झाली होती. हे सांगून उपयोग नव्हता. सांगितलं की ते बूट चढवत, आणि त्यांच्या बायकोला, हिराबाईंना, दाराला कडी घालून पाठ टेकून उभं राहावं लागे.

वाट काढली ती नातवाने. ईशान कॉलेजात असताना रिकाम्या क्वार्टरचे दोनशे फोटो काढून घेऊन गेला होता आणि त्यातून कम्प्युटरवर फिरता येईल असा सात बी त्याने बनवला होता. हैदराबादला नोकरीवर जाताना त्याने तो आपल्या जुन्या गेम खेळण्याच्या यंत्रात भरून दिला. हातात मावेल एवढं यंत्र, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना गुंड्या. डावी गुंडी पुढे ढकलली की फाटक करकरे. मग तुळस, व्हरांड्यातली सायकल, स्वयंपाकघरातली निळी फळी.

शेषराव एक बाजू धरत, हिराबाई दुसरी. फाटकातून आत गेलं की ते म्हणत, "आलो बापा घरी," आणि निमूट चहा पीत. वर्षभर त्यांचे बूट मांडणीवरून हलले नव्हते.

गेल्या सोमवारी यंत्राचा पडदा उजळलाच नाही.

मंगळवारी सकाळी शेजारच्या धर्मेंद्रला शेषरावांजवळ बसवून हिराबाई नेहरू नगरला गेल्या. तिथे मोनालीचं दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगी दुर्गच्या मराठी घरातली, हुशार. दोन दिवसांनी या, म्हणाली. गुरुवारी हिराबाई पुन्हा गेल्या, तेव्हा यंत्र उघडंच टेबलावर पडलं होतं.

"आजी, याचा प्रोसेसर गेला."

"मग दुसरा लाव नं माय. ईशानच्या मोठ्या कम्प्युटरचं चित्राचं कार्ड गेलं होतं, तर त्यानं बदलूनच टाकलं होतं."

"त्याच्यात कार्ड अलग असते. हे हातातलं मशीन, याच्यात जागाच कुठे आहे? म्हणून हिशेब करणारा अन् चित्र काढणारा, दोघंही एकाच चिपमध्ये. दोघांची मेमरीही एकच. एका चुलीवर दोन गंज ठेवल्यासारखं. चूल फुटली की दोन्ही गेले."

"अन् आमचा क्वार्टर? तो तर साठवलेला असन नं कुठं?"

मोनालीने बोटाएवढी एक पट्टी दाखवली. "याच्यात आहे. दुसऱ्या मशीनले लावून पाह्यली मी. पण कुलूप आहे, अन् किल्ली त्याच चिपमध्ये होती. अठ्ठेचाळीस आकड्यांचा एक नंबर टाकला तर उघडते. तो ईशानच्या अकाउंटमध्ये असन."

तिथूनच ईशानला फोन लागला. हिराबाईंनी त्या नंबराचं विचारलं.

"आजी, ते अकाउंट कॉलेजच्या वेळचं आहे. त्याला लावलेला मोबाईल नंबर मी कधीचाच सोडला. पासवर्डही आठवून नाही राहिला."

"तुह्या लॅपटॉपात असन एखादी प्रत?"

"तो विकला नं आजी. मी नवीन बनवतो. थोडा वेळ दे."

"फोटो?"

"फोटोही त्याच्यातच होते," तो म्हणाला. मग हळूच, "आबा कसे आहेत?"

मोनालीने यंत्र पुन्हा बंद केलं, स्क्रू आवळले. "आजी, एक विचारू? तुमी हे ठेवत कशात होते?"

हिराबाईंनी पिशवीतून खोळ काढली. त्यातही त्यांना थोडा अभिमान वाटला. भिलाईत संसार केलेल्या बाईला खोळ शिवायला शिकवावं लागत नाही. कारखान्याच्या चिमण्यांची धूळ सकाळी पुसली तरी संध्याकाळी पुन्हा बोटाला लागायची. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीला झालरीची खोळ. यंत्राला त्यांनी गोधडीचे तीन पदर घातले होते, पडलं तरी फुटू नये म्हणून. वर घट्ट नाडी.

"ठेवताना पूर्ण बंद करत होते?"

"गुंडी दाबली की काळं होते नं ते. की लगेच खोळीत टाकत होती. धूळ जाऊ नये म्हणून."

मोनालीने यंत्राच्या पाठीवरच्या जाळीवरून बोट फिरवलं. "काळं झालं म्हणजे झोपलं असते, बंद नसते. मधातच उठून आपलं काम करते. गरम होते. ती गरमी इथून बाहेर पडते." खोळीची घडी करून तिने परत दिली.

ऑटोत बसल्यावर हिराबाईंनी खोळीत हात घालून पाहिला. आत ऊब होती. गोधडी असतेच उबदार.

घरी पोचल्या तेव्हा तीन वाजत आले होते. धर्मेंद्र गेला.

"चाल वं हिरा, घरी जाऊ."

त्या शेजारी बसल्या. "डोळे मिटा. मी नेते तुमाले. हे फाटक आलं. ही तुळस. ही तुमची सायकल..."

"पण दिसून नाई राहिलं." शेषरावांनी हिराबाईंच्या मांडीवरचं यंत्र उचललं, गुंडी दाबली. पुन्हा दाबली. "इतका अंधार कावून? लाईट गेली?"

हिराबाईंना वाटलं, बरं झालं, खोटं आयतंच मिळालं. "हो, गेली लाईट. येईन थोड्या वेळात."

शेषरावांचा चेहरा बघता बघता उतरला. तेव्हा हिराबाईंच्या लक्षात आलं, आपण कुणाला काय सांगून बसलो. एकतीस वर्षांत सेक्टरातली लाईट गेलेली त्यांना आठवत नव्हती. प्लांटची आणि क्वार्टरची वीज एकच, असंच शेषराव कायम सांगत आले होते.

"सेक्टरातली लाईट गेली? म्हणजे प्लांटच बंद पडला असन. भट्टीले हवा नसन. लोखंड आतच जमून जाईन सारं."

ते उठले. मांडणीवरून बूट काढले, खाली बसले. बायकोचं नाव कधी कधी सापडत नव्हतं, पण बोटांना नाडी बांधायची सगळी आठवण होती.

हिराबाईंनी धावत जाऊन कडी घातली आणि पाठ टेकली. हातात खोळ तशीच होती.

"अहो, तुमची ड्यूटी नाही आज. सुट्टी आहे."

शेषराव समोर येऊन उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बाई, सरका थोड्या. तुमचं कोणी नसन तिकडे. माही हिरा एकटी आहे अंधारात."