दहा भोकांची वीट

मी एक वीट बोलतेय. साधी, लाल, पोटात दहा आरपार भोकं असलेली. बेडकांची गोष्ट विटेनं का सांगावी, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांची ही गोष्ट आहे ते बेडूक तोंड उघडतात तेव्हा जुनी फटफटी सुरू झाल्यासारखा आवाज येतो. त्यातून कुणाला काय कळणार? तेव्हा मीच सांगते.

माझा जन्म सिडनीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका पोलादाच्या गावात झाला. यंत्राच्या तोंडातून चिकणमातीची लांबच लांब वडी निघाली, तारेनं तिचे तुकडे पडले, आणि भट्टीत भाजून मी बाहेर आले. भोकं कशासाठी, तर वीट हलकी व्हावी, आतून नीट भाजावी, सिमेंटची पकड बसावी. आम्हा विटांना तेवढंच ठाऊक होतं.

मला आणलं आन्ते मारूशिचनं. तो क्रोएशियातून आलेला तरणाबांड गवंडी. त्याला मी एकेरीतच हाक मारते, कारण तेव्हापासून ओळखते. परसात मांस धुरावर सुकवण्यासाठी त्यानं एक खोली बांधली आणि मला दाराशेजारच्या भिंतीत, शेवटच्या थरात बसवलं. माझी एक बाजू उघडी राहिली, म्हणून मला परस दिसायचं.

त्या परसात बेडूक होते. हिरवेगार, पाठीवर सोनेरी पट्टे ओढलेले, मांडीच्या आत निळी झाक. इतर बेडूक दिवसा तोंड लपवतात. हे भर दुपारी भिंतीवर ऊन खात बसायचे. आन्तेची बायको झोरा नळावर कपडे धुवायला आली की आधी झाडूनं त्यांना हाकलायची. "हे घर माझं आहे की यांचं?" असं रोज विचारायची.

मग एका वसंतात तिला झाडू उचलावाच लागला नाही. "बरं झालं, पीडा गेली," ती म्हणाली. पुढच्या वर्षीही ते आले नाहीत. तिसऱ्या वर्षी ती नळापाशी उभी राहून म्हणाली, "आन्ते, ते हिरवे गेले कुठं रे?" आन्तेनं खांदे उडवले. गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

पुढं त्यांच्या मुलाला गाडीसाठी जागा हवी झाली आणि खोली पाडली. आन्तेनं एकेका विटेचं सिमेंट छिन्नीनं सोलून काढलं आणि कुंपणाशी आमची रास लावली. मुलगा म्हणायचा, "बाबा, हा राडारोडा उचलायला सांगू का?" आन्ते म्हणायचा, "राडारोडा म्हणू नकोस. तुझ्यापेक्षा सरळ आहेत." आम्ही अकरा वर्षं तशाच पडून होतो. अंगावर गवत वाढलं. मला वाटलं, आपलं संपलं.

एका मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडं हिवाळ्याच्या तोंडावर, कुंपणावरून एक बाई डोकावली. चिखलानं भरलेले बूट, डोक्यावर विटकी टोपी. तिचं नाव रिआनन टॉल्मी. ती बेडकांचा अभ्यास करायची.

"त्या भोकांच्या विटा मला द्याल का?" तिनं विचारलं. "दोनशेक हव्यात."

"काय बांधताय?"

"बेडकांसाठी घरं."

आन्तेनं झोराकडं बघितलं. "चाळीस वर्षं माणसांची घरं बांधली. भिंत सरळ आहे असं एकानं म्हटलं नाही. आता बेडकांचं काम करून बघू."

झोरानं कॉफी दिली, आणि रिआनननं पायरीवर बसून सगळं सांगितलं. ते हिरवे-सोनेरी आता गावात एकाच तळ्यावर उरले होते, जेमतेम शंभर. त्यांना कातडीची बुरशी लागली होती. बेडूक कातडीनं पाणी पितो, थोडा श्वासही कातडीनंच घेतो. कातडी बिघडली की अंगातले क्षार घटतात आणि शेवटी काळीज थांबतं. ही बुरशी थंडीत फोफावते आणि गरमीत मरते.

"म्हणजे हिवाळ्यात त्यांना ऊब मिळाली की झालं," रिआनन म्हणाली. "एकदा यातून उठलेला बेडूक दुसऱ्यांदा सहसा पडत नाही."

"आणि मी त्यांना झाडूनं हाकलत होते," झोरा म्हणाली.

आन्तेनं आम्हाला काळा रंग दिला, ऊन शोषायला. तळ्याजवळ रिआननची प्लास्टिकच्या कागदाची दोन छोटी पॉलिहाऊस होती. दोन्हीत त्यानं दोरी लावून, ओळंबा धरून आम्हाला रचलं, भोकं आडवी, बाहेरच्या बाजूला उघडी. आत जाताना दर वेळी बूट औषधाच्या पाण्यात धुवायचे आणि दर बेडकाला हातमोजा बदलायचा. आन्ते कुरकुरायचा, "चर्चमध्ये जातानाही मी एवढा स्वच्छ नसतो."

"म्हणून तिथं तुमचं कुणी ऐकत नाही," रिआनन म्हणायची.

दोन्ही घरांत वीस-वीस आजारी तरणे बेडूक सोडले. एका घराला मोकळं ऊन, दुसऱ्यावर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. माझ्या नशिबी शेडनेट आलं.

जूनपासून मी गार पडून राहिले. माझ्या एका भोकात एक मादी येऊन बसली. तिच्या पाठीवर सोन्याचा एकच थेंब होता. ती आली तेव्हा मुंगी दिसली तरी झडप घालायची. जुलै संपेपर्यंत समोरून माशी गेली तरी तिचं डोकं हलेना. शेजारच्या विटेतला नर एका सकाळी ताठ होऊन पडलेला सापडला. रिआनननं त्याला उचललं, वजन केलं आणि वहीत लिहिलं.

आन्तेनं ते पाहिलं. "यांना ऊन का नाही?" त्यानं विचारलं.

"दोन्हीकडं ऊन दिलं, तर उन्हानंच बरे झाले हे कसं कळणार?"

"मरतायत, त्यावरून कळत नाही?"

"मला दिसतंय, आन्ते. पण मला नुसतं वाटतं म्हणून दुसऱ्या तळ्यांवर कुणी विटा ठेवू देणार नाही. तिथंही बेडूक मरतायत. पुरावा लागतो."

"आकडे विटांचे असतात," आन्ते म्हणाला. "जिवांचे नसतात."

ऑगस्टच्या सुरुवातीला दक्षिणेचा बोचरा वारा सुटला. रिआनन कामासाठी सिडनीला गेली होती. सकाळी अकराच्या सुमाराला आन्ते एकटाच आला. बूट धुतले, हातमोजा घातला, गुडघे धरत खाली बसला आणि चष्मा लावून माझ्या भोकात बघितलं. ती मादी पाय पसरून बसली होती. त्यानं बोट जवळ नेलं, तरी तिनं पाय ओढून घेतले नाहीत.

तो उठला, खिशातून चाकू काढला आणि शेडनेटच्या दोऱ्या एकेक करून कापल्या.

ऊन माझ्या अंगावर आलं. मी भट्टीत भाजलेली. ऊब कशी धरून ठेवायची हे मला कुणी शिकवायला नको. दुपारी दोनपर्यंत माझी भोकं तापली. तीनच्या सुमाराला त्या मादीनं पाय पोटाखाली घेतले.

चार वाजता रिआनन आली आणि दारातच थांबली.

"तुम्ही काय केलंत, कळतंय का?"

"ऊन दिलं."

"पंधरा दिवस उरले होते, आन्ते. फक्त पंधरा."

"तिच्याकडं पंधरा दिवस नव्हते."

"दाराची किल्ली द्या," रिआनन म्हणाली. आन्तेनं किल्ली माझ्यावर ठेवली आणि निघून गेला. रिआनननं खाली पडलेलं शेडनेट उचललं. आता ती ते परत बांधणार असं मला वाटलं. पण तिनं त्याची घडी घातली आणि वहीत तारीख, वेळ आणि कापणाऱ्याचं नाव लिहिलं.

उन्हातल्या विसांपैकी एक गेला होता. आमच्याकडचे सहा. जाळी निघाल्यावर उरलेले चौदाही जगले. रिआनननं सगळं खरं लिहून पाठवलं. परवाना देणाऱ्यांनी वाचलं आणि कळवलं, प्रयोग अर्धवट आहे, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करा. म्हणजे आन्तेनं चौदा वाचवले, आणि त्यापायी आणखी वीस सावलीत बसणार होते. बरोबर कोण? इतकी वर्षं भिंतीत काढली, पण याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

हे सांगायला रिआनन स्वतः आन्तेच्या घरी गेली. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी तळ्यावर होते. परत आली तेव्हा आन्ते बरोबर होता. पुढच्या हिवाळ्यात शेडनेट त्यानं स्वतःच्या हातानं बांधलं, आणि गाठी ओढताच सुटतील अशा मारल्या. रिआनननंही नवा नियम लिहिला: जो बेडूक पाय पसरून बसेल, त्याची नोंद करायची आणि त्याच दिवशी जाळीची गाठ सोडून त्याला उन्हात हलवायचं. त्या हिवाळ्यात गाठी पाच वेळा सुटल्या. पाचांपैकी चार वाचले. पुरावाही पुरला.

आता पाच तळ्यांवर काळ्या विटांच्या राशी आहेत. बेडकांची पाण्यातली पिल्लं खाणारे परदेशी मासे तिथून काढून टाकलेत. आन्ते चौऱ्याऐंशीचा झालाय. काठी टेकत येतो आणि नव्या लोकांनी रचलेली रास बघून म्हणतो, "ही काय रचना आहे? बेडूक आंधळे समजता काय?" मग सगळी रास उतरवायला लावतो. झोरा म्हणते, "घरी माझ्या नळाची गळती काढ आधी." गेल्या वसंतात तिच्या त्याच नळापाशी एक हिरवा येऊन बसला. तिनं झाडू बाजूला ठेवला आणि कपडे दुसऱ्या दिवशी धुतले.

माझ्या भोकातल्या त्या मादीनं दोन वसंत तळ्यात अंडी घातली. आता ती माझ्या भोकात मावत नाही, माझ्या माथ्यावर बसते.

माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. परसात माझ्यासारख्या विटांची रास पडली असेल, तर ती फेकण्याआधी तिथं कोण राहतंय ते वाकून बघा. आणि जो जीव दिसेनासा झाला असेल, तो कुठं गेला हे विचारायला तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका, पहिल्याच वर्षी विचारा.

बोलणं आवरते. ऊन वर चढलंय, आणि आत कुणीतरी कूस बदललीय.