दोनच्या आत

डॅन्यूबच्या दोन्ही तीरांवर जुळ्या प्रकाशकणांचे मोजमाप करणाऱ्या यंत्रांच्या नोंदी सकाळी एकमेकींशी ताडून झाल्या आणि आकडा निघाला: २.४१. रोझविताने तो लिहिलेल्या कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि ट्रामने ती रुग्णालयाकडे निघाली.

तिथे तिचे गुरू, प्राध्यापक वाल्डनर, अखेरच्या आजारात पडून होते. चाळीस वर्षे व्हिएन्नातल्या प्रत्येक सभेत त्यांनी एकच पक्ष लढवला होता: कुणी पाहो वा न पाहो, वस्तूचे गुण वस्तूपाशी असतातच, आणि एका तीरावरील मोजमापाची झळ त्याच क्षणी दुसऱ्या तीराला लागत नाही. हे खरे असेल, तर दोन्ही तीरांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा दोनच्या वर जाता कामा नये. इतरांच्या प्रयोगांत तो गेला, तेव्हा प्रत्येकात त्यांनी पळवाट दाखवून दिली. या प्रयोगातल्या पळवाटा मात्र त्यांनी स्वतःच, एकेक करून, बुजवून घेतल्या होत्या.

"आलीस? त्या परिचारिकेला सांग, हे सूप नव्हे, सुपाची अफवा आहे."

"चार चमचे घ्या सर, मग भांडा."

"चमचे मागाहून. आकडा सांग."

त्यांचे घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरले होते. रोझविताचा हात पर्सवर घट्ट झाला.

"एक पूर्णांक सत्त्याण्णव," ती म्हणाली. "दोनच्या आत."

आता ते त्रुटी, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, विचारणार, हे तिला ठाऊक होते. एका कोष्टकात आकड्याशेजारी त्रुटी लिहिली नव्हती, एवढ्यावरून त्यांनी तिचा प्रबंध तीनदा परत केला होता; "त्रुटीवाचून आकडा म्हणजे बाजारगप्पा!" असे ते म्हणत. म्हणून ट्राममध्येच तिने खोटी त्रुटीही पाठ करून ठेवली होती.

वाल्डनरांनी त्रुटी विचारलीच नाही; त्यांची नजर तिच्या पर्सवर गेली. मग त्यांनी वाडगा पुढे ओढला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

"हो."

"हेही खोटंच." त्यांनी दोन चमचे सूप घेतले. तिसरा वाटेतच सांडला, तसा तिने चमचा घेतला आणि उरलेले सूप स्वतः भरवले. त्यांनी एकदाही वाद घातला नाही. तिच्या आठवणीत असे कधी घडले नव्हते.

ती दाराशी पोचली, तेव्हा मागून क्षीण आवाज आला.

"रोझविता, पर्समधला कागद नीट जप. मी पाहिला नाही म्हणून त्यावरचा आकडा काही बदलत नाही."

पाठ केलेली त्रुटी तिच्या जिभेवरच राहिली.