ताडपत्रीखालचे पऱ्हे

रत्नमालाला कळत नव्हतं असं नाही. धानाला ऊन लागतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण थकलेल्या माणसाला सोयीचं असतं तेच खरं वाटू लागतं, आणि रत्नमाला तर उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकले तेव्हापासूनच थकलेली होती.

चिखल्याच्या खाणीच्या रस्त्याला लागूनच तिची बांधी, बांध घातलेलं धानाचं शेत. मँगनीजचे ट्रक दिवसभर धावायचे आणि काळी धूळ पऱ्ह्यांच्या त्या बोटभर रोपांवर बसायची. मागच्या वर्षी सासू होती. दोघी ओल्या लुगड्याची दोन टोकं धरून ते रोपांवरून ओढायच्या, की पानं पुसून निघायची. सासू गेली, आणि दुसरं टोक धरायला कोणी उरलं नाही. नवरा जीवन खाणीत रात्रपाळीला. सकाळी वर आला की सरळ अंथरुणात. ती स्वतः सकाळच्या बसनं तुमसरला राईस मिलमध्ये जायची. मग तिनं थंडीसाठी रात्री टाकायची ताडपत्री दिवसाही तशीच ठेवली. धूळ नाही, पुसणं नाही. चाराचे आठ दिवस झाले.

त्या संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती आणि दहावीतली लेक तृप्ती मोठ्यानं धडा घोकत होती. "हिरवं पान सूर्यप्रकाशात पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरून स्वतःचं अन्न तयार करतं. अंधारात रोप साठवलेल्या अन्नावर जगतं. ते संपलं, की मरतं."

तव्यावरची पोळी करपली.

"हा धडा कवा झाला?"

"दिवाळीच्या आंधी."

"मंग ताडपत्रीवर गोटे ठेवाले तूच येत होती ना? बोलली काहून नाही?"

"पुस्तकात थे कुंडीतलं झाड आहे, आई," तृप्ती म्हणाली. "आपल्या पऱ्ह्यायचं कोणी इचारलंच नाही."

आपली चूक अर्धी पोरीच्या पदरात टाकता आली तर बरं, एवढंच रत्नमालाला हवं होतं. तेही जमलं नाही.

सकाळी बसच्या आधी ती बांधीवर गेली आणि ताडपत्री ओढली. रोपं लांबलचक वाढली होती, शेवयांसारखी पांढुरकी, एकमेकांवर लोळलेली. बियाणं संपलेलं. हे पऱ्हे गेले तर बांधी उन्हाळाभर पडीक राहणार. ती बांधावर बसली आणि रडली.

पाळी संपवून जीवन त्याच रस्त्यानं येत होता. त्यानं पाहिलं, पण रागावला नाही. रागावायलाही अंगात जोर लागतो.

"एकदम उघडू नको," तो म्हणाला. "रातभर खाली राहून वर आलो का मलेच ऊन सोसत नाही. डोळे मिटून उभा राहतो. ह्यायले बी कोवळं ऊन दे, मंग झाक. सांजच्याले पुन्हा उघड. होतीन हिरवे."

"अन् ऊन चढल्यावर झाकन कोण? मी मिलमंधी, पोरगी शाळेत. आज नाही गेली तं उद्या दुसरीले घेतीन."

"मी बसतो."

तो बांधावर बसला आणि बसल्या बसल्याच कलंडला. दचकून म्हणाला, "जागाच आहो."

रत्नमाला त्याच्याकडे पाहत राहिली. दिवसा न झोपलेला माणूस रात्री खाली उतरला तर काय होतं, ते त्या वस्तीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दूर बसचा हॉर्न वाजला. झाकून ठेवले तर अंधारात मरणार, उघडे ठेवले तर उन्हात. उन्हात निदान काही जगतील.

"उठा," ती म्हणाली. "घरी जाऊन झोपा. राहू द्या उघडेच."

"जळतीन."

"जळू द्या. तुम्ही झोपा."

दिवसभर मिलमध्ये तिचं कशात लक्ष नव्हतं. दिवस बुडायच्या आत ती परतली. मधले पऱ्हे भाजून आडवे पडले होते. कडेच्या मोहाच्या झाडाची सावली फिरत होती तेवढ्या पट्ट्यात मात्र रोपं उभी होती, बुडाशी किंचित हिरवी.

जीवन जेवून, डबा घेऊन तिथंच उभा होता. "मी बसलो असतो तं सारेच वाचले असते," तो म्हणाला.

"अन् रातच्याले तुम्ही?"

त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"अर्धी बांधी रोवू," ती म्हणाली. "अर्धी राहू द्या पडीक."

पाळीची वेळ झाली होती. तो निघाला तसं तिनं त्याला थांबवलं आणि तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे झोपून उठलेल्या माणसाचे होते. तिनं त्याला जाऊ दिलं.