दिनेशच्या खांद्यावरचा गुंड

मी एक जुना गुंड आहे. दचकू नका, मित्रांनो! पोलिसांनी पकडावा तसला नव्हे. आमच्या गडचिरोलीकडे पाणी भरायच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. भंडाऱ्याच्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. वरोऱ्याच्या बाजारात मी चकाकत बसलो होतो, तिथून दीपालीच्या आईने मला लेकीच्या लग्नात आंदण म्हणून घेतले. असा मी अहेरीपलीकडच्या या जंगलातल्या गावात आलो.

दीपाली मला चिंचेने घासायची. बोरिंगवर बायका म्हणायच्या, "गुंड हाये का सोनं हाये गे?" मी आपला फुगून जायचो. तिच्या नवऱ्याने, दिनेशने, मात्र मला कधी बोटही लावले नाही. आमच्या गावात पुरुष गुंड उचलत नाहीत. उचललाच, तर गाव हसते.

मग दीपालीला दिवस गेले. पहिले बाळ पोटातच गेले होते, म्हणून नर्सबाईने बजावले की ओझे अजिबात उचलायचे नाही. दीपाली घरी येऊन म्हणाली, "अवो, आता पानी तुमी आनाल का?"

"मानसानं गुंड उचलाचा?" दिनेश उखडला. दर रविवारी बायबल घेऊन प्रार्थनाघरात पुढे बसणारा माणूस तो! "बाईनं नवऱ्याच्या अधीन राहावं, शास्त्रात लिवलं हाये. मालूम नाई का तुले?"

दुसऱ्या दिवशी मला डोक्यावर घेऊन येताना दीपाली मध्येच पोट धरून उभी राहिली. अर्ध्या वाटेवर मला रिकामा करून, भिंतींचा आधार घेत कशीबशी घरी आली. मला माझ्या वजनाची लाज वाटली हो! पण पितळ कुठे हलके होते?

त्याच दिवशी आमचे पास्टर लटारूभाऊ घरी आले. म्हातारा माणूस, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी प्यायला पाणी मागितले. घरात थेंब नव्हता. दीपाली पुन्हा मला घेऊन उठली, तेव्हा तिचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांनी तिला खाली बसवले आणि काय झाले ते विचारले. तिने सगळे सांगितले. दिनेशने लगेच शास्त्र पुढे केले.

"बरोबर हाये," लटारूभाऊ म्हणाले. "पन तू अर्धंच वाचलं गा. तिथंच एकमेकाच्या अधीन राहा म्हनते. अन् ख्रिस्तानं मंडळीसाठी, आपल्या लोकाईसाठी, जीव देल्ला, तशी बायकोवर प्रीती कर म्हनते. तुले जीव कोनी मांगून नाई राह्यलं, बाबू. ते गुंडभर पानी मांगून राह्यली."

दिनेश जागचा हलला नाही. तेव्हा लटारूभाऊंनी स्वतःच मला उचलले आणि लंगडत बोरिंगकडे निघाले! अंगण ओलांडतात न ओलांडतात तोच दिनेश धावत आला. "द्या भाऊ. लाजवू नोका."

बोरिंगवर शेजारची बुधरी होती. "काऊन गा दिनेश, बायको पळून गेली का?" झाले! सगळ्या बायका खो खो हसल्या. दिनेशचे कान लाल झाले. पण गडी म्हणाला, "घरीच हाये. पोटाशी हाये ना. आता पानी मीच भरीन."

हसू थांबले. बुधरीने मला उचलून त्याच्या खांद्यावर ठेवले. त्याला कसले जमते! अर्धे पाणी सदऱ्यात गेले, आणि एकदा तर त्याने मला दगडावर आपटून चांगला पोचा पाडला. तरी मी खूश होतो.

दिनेश रोज पाणी भरत राहिला. मित्रांनो, दीपालीला सुखरूप मुलगी झाली! दिनेश दोघींना दवाखान्यातून घरी घेऊन आला आणि माझ्याशेजारीच मटकन बसून लहान पोरासारखा रडला. "वाचल्या दोघी, देवा," एवढेच म्हणत होता. हुश्श! माझाही जीव भांड्यात पडला.

आता घरात नळ आला आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खात असतो. त्याचे मला दुःख नाही. एकच मागणे आहे. घरच्यांवर प्रेम आहे म्हणता ना? मग उद्या सकाळी पाणी तुम्ही भरा.