हो-नाहीची पेटी

मित्रांनो, अकोल्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथल्या कपाटावर एक सागवानी पेटी ठेवलेली दिसते, ती मी. पुढून भोकांच्या चोवीस जोड्या आणि मागून वायरींचा गुंता. परवा एका विद्यार्थ्यानं मला मधमाश्यांची पेटी ठरवलं आणि स्टुलावर चढून चक्क कान लावला. माझं वय झालंय हे कबूल, पण मी गुणगुणत नाही. माझं नाव हो-नाहीची पेटी. एके काळी या कॉलेजात माझ्याशिवाय तास भरत नसे, आणि हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकीनं सांगते, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एकोणीसशे बासष्टच्या दिवाळीच्या सुट्टीतला. मला घडवलं देवमन सरांनी. सर मूर्तिजापूरचे. त्यांचे वडील बुधाजी रेल्वेत गँगमन होते. सन छप्पन्नला या घरानं बौद्ध धर्म घेतला आणि त्याच वर्षी सर नागपूरला शिकायला गेले. शिक्षणाआधी आणि शिक्षण चालू असतानाही त्यांनी रेल्वेच्या सिग्नल खात्यात हात काळे केले होते. त्यामुळे वायर, बटण आणि दिवा यांच्याशी त्यांची जुनी सोयरीक. एम.एस्सी. झाल्यावर अकोल्याच्या या कॉलेजात एका वर्षाची नोकरी मिळाली. वर्ष संपायच्या आत नागपूरहून कमिटी येणार, वर्ग पाहणार आणि मग सरांना ठेवायचं की नाही ते ठरणार, अशी अट होती.

सर जीव तोडून शिकवत. पण वर्ग गप्प. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चोवीस विद्यार्थी होते, बहुतेक अकोट, दर्यापूर, बाळापूरकडच्या शेतकऱ्यांच्या घरचे. सर विचारत, "समजलं?" चोवीस माना एकदम हलत. "काही शंका?" चोवीस माना खाली जात. सहामाहीत मात्र चोवीसपैकी पाच पास झाले.

सरांच्या मनात एक जुनं दुखणं होतं. शाळेत असताना ते दाराजवळ बसत. त्यांनी शंका विचारली की गुरुजी ऐकू न आल्यासारखे फळा पुसायला लागत. आता ते स्वतः फळ्यापाशी उभे होते, आणि समोर पुन्हा तीच शांतता. त्यांना वाटलं, या मुलांना आपल्याला काही विचारणं कमीपणाचं वाटतं. ते हे कोणापाशी बोलले नाहीत, फक्त बायकोपाशी बोलले.

"इंदू, ह्या पोरायले माह्याशी बोलावंच वाटत नाही."

इंदूबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग त्यायले बोलाले लावूच नका. तुमच्या त्या सिग्नलच्या केबिनीत कोन बोलते? दिवा लागला का समजते न सारं."

सर तसेच उठले आणि बाजारात गेले.

अशी मी झाले. लाकूड एका मोडलेल्या दुकानाच्या खणांचं. बल्ब बॅटरीचे. बटणं दारावरच्या घंटीची. हिरवा आणि तांबडा पतंगाचा कागद इंदूबाईंनी गोल गोल कापून खळीनं चिकटवला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाकाखाली दोन बटणं. समजलं असेल तर उजवं दाबायचं, माझ्यावर हिरवा दिवा लागेल. नसेल समजलं तर डावं, तांबडा लागेल. माझं तोंड सरांकडे, पाठ वर्गाकडे. कोणी काय दाबलं ते फक्त सरांना दिसणार. लाजायचं कारण नाही, हसायची भीती नाही.

पहिल्या दिवशी काय कौतुक झालं माझं. सरांनी ओहमचा नियम शिकवला... नाही नाही, विसरले मी, भिंगांचा धडा होता तो. शिकवून झाल्यावर सरांनी विचारलं, "समजलं?" आणि माझ्या अंगावर चोवीस हिरवे दिवे लागले. सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या माणसासाठी आपण जन्मभर लागून राहावं. प्राचार्य पाहायला आले. दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक पाहायला आले. दर वेळी चोवीस हिरवे. माझं नाक असं वर गेलं की विचारू नका.

पण मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आतून चैन नव्हतं. बटणांवरची बोटं मला कळायची. कित्येक बोटं आधी डाव्या बटणावर यायची, थबकायची आणि मग चोरासारखी उजवीकडे सरकायची. मला ते सगळं कळत होतं. सांगणार कशी? जे दाबलं जाईल ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

जानेवारीत चाचणी झाली. चोवीसपैकी सहा पास.

त्या दुपारी सरांनी मला उघडलं. एकेक वायर ओढून पाहिली, अठ्ठेचाळीस बटणं स्वतः बाकाबाकाशी वाकून दाबली. माझ्यात काडीचा दोष निघाला नाही. तसा सरांचा चेहरा पडला. दोष असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. ते माझ्या वायरी सोडवायला लागले. टेबलावर कागद होता, राजीनाम्याचा. रेल्वेत परत घेतील का, असं त्यांनी कोणाला तरी पत्रानं विचारलंही होतं.

सगळ्यांत शेवटी पुंजाराम वर्गाबाहेर निघाला होता. हा त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा विद्यार्थी. आधी प्राथमिक शाळेत मास्तर, सव्वीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. तो दारातून परत फिरला.

"सर, पेटी नका सोडवू. तिची काई चूक नाही."

"मग कोणाची आहे?"

"आमची." तो खाली पाहत बोलायला लागला. "ऑफिसात कोनीतरी म्हनलं, कमिटी येनार अन् लाल दिवे मोजनार. जितके लाल, तितका मास्तर कच्चा. मंग होस्टेलात आमचं साऱ्यायचं ठरलं. लाल बटन कोनी दाबाचंच नाही. समजो का ना समजो."

सरांच्या हातात वायर तशीच राहिली.

"अन् खरं सांगू का सर," पुंजाराम म्हणाला, "तुमी एकच गोष्ट तीनदा सांगता. आवाज बसते तुमचा. चौथ्यांदा 'नाही समजलं' म्हनाले जिवावर येते. त्यात उद्या कोनी म्हनलं, का या मास्तरले शिकवता येत नाही, तं ते आमच्यानं ऐकून घेतल्या जानार नाही. तुमी आमाले पाह्यजे."

सर मटकन बाकावर बसले. इतके महिने ज्या गप्प बसण्याला ते तुच्छता समजत होते, ती माया निघाली. मग घरी बोलत तसं, साध्या वऱ्हाडीत ते म्हणाले, "म्हंजे मी तुमाले नापास करून राहिलो, अन् तुमी मले पास करून राहिले."

"तसंच झालं सर."

"अरे, मग अशानं बुडालो की आपण सगळे."

सरांनी कागद फाडला. माझ्या वायरी परत जोडल्या. पण आता प्रश्न मोठा होता. मायेनं दाबलेलं बटण रागावून सुटत नाही. 'खरं सांगा' म्हटलं असतं तर चोवीस हिरवे दिवे आणखी जोरात लागले असते. सरांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वर्गात येऊन एक खेळ मांडला.

"आजपासून रोज मी शिकवताना मुद्दाम तीन चुका करणार. चूक दिसली की तांबडं बटण. डावीकडच्या बाकांचा एक संघ, उजवीकडच्यांचा एक. आधी पकडेल त्याच्या संघाला गुण. महिनाअखेर जो संघ हरेल तो जिंकणाऱ्यांना हुरडा खाऊ घालेल."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, त्यात अधिकच्या जागी उणे घातलं आणि पुढे निघाले. कोणी हलेना. एक मिनिट गेलं. आणि माझ्या अंगात कळ उठावी तसा तेराव्या नंबरचा तांबडा दिवा लागला. तीन महिने वर्गात कोणी न लावलेला माझा तो कागद कोरा करकरीत होता, भडक दिसला.

तेरावा नंबर कौशल्येचा. अकोटकडच्या खुशालरावांची मुलगी, वर्गातल्या दोन मुलींपैकी एक.

"कुठं?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीत, सर. उणे नाही, अधिक पाह्यजे."

"शाबास. उजवीकडे एक गुण."

डावीकडच्या बाकांवर जी खळबळ उडाली, ती महिनाभर थांबली नाही. पोरं आदल्या दिवशी पुस्तक वाचून यायला लागली, सर कुठं घसरतील याचा नेम नाही म्हणून. सरांनी लिहिलेल्या अक्षरन् अक्षरावर चोवीस जोडी डोळे. एरवी पेंगणारा जानरावसुद्धा पुढे वाकून बसू लागला.

आणि मग एक दिवस खरी गंमत झाली. सर शिकवत होते आणि एकदम नऊ तांबडे दिवे लागले. सरांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. "इथं तर मी चूक केलेली नाही."

पुंजाराम उभा राहिला. "चूक नसन तं मंग सर, आमाले हे समजलंच नाही."

सरांनी खडू खाली ठेवला. कोणाला बक्षीस मिळावं तसे ते हसत होते, आणि डोळे भरले होते. "आता सांगितलंत," ते म्हणाले, आणि धडा पहिल्यापासून सुरू केला.

फेब्रुवारीच्या शेवटी कमिटी आली. तिघे जण होते. दोघे भिंतीजवळ खुर्च्यांवर बसले. तिसरे पांढऱ्या केसांचे गृहस्थ, चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेले. ते खुर्ची सोडून शेवटच्या बाकावर, त्या दिवशी गैरहजर असलेल्या जानरावच्या जागेवर जाऊन बसले. सर सुरुवातीलाच मुलांना म्हणाले, "आज मुद्दाम एकही चूक करणार नाही. जे असेल तेच दाबा. माझी काळजी करू नका."

विषय कठीण होता. एक साठ वॅटचा आणि एक पंचवीस वॅटचा, असे दोन दिवे एकामागे एक जोडले, तर जास्त कोणता उजळेल? सरांनी गणित मांडलं आणि उत्तर काढलं, पंचवीसचा. "समजलं?"

मित्रांनो, त्या क्षणी सोळा बोटं डाव्या बटणावर होती आणि एकही दाबत नव्हतं. सरांची नोकरी त्या बोटांखाली होती. मग कौशल्येनं दाबलं. पाठोपाठ पुंजारामनं. सोळा तांबडे दिवे लागले. भिंतीजवळच्या एका साहेबानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सरांनी त्या वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोळा जणांना नाही समजलं. छान. कौशल्या, काय अडतंय?"

"सर, घरी तं साठचाच दिवा जास्त लागते."

सरांनी टेबलावर दोन्ही दिवे आणले, एकामागे एक जोडले आणि कळ दाबली. पंचवीसचा झगझगला, साठचा नुसता लालसर झाला. वर्गातून 'अबब' असा आवाज आला. मग सर बाकांमध्ये उतरले. एकाच वाटेनं दोघांतून सारखीच वीज जाते, आणि पंचवीसची तार तिला जास्त अडवते, हे त्यांनी चार तऱ्हांनी सांगितलं. माझे तांबडे दिवे एकेक करून विझत गेले. सोळाचे नऊ, नवाचे चार, चाराचा एक. मग पुंजारामचाही हिरवा झाला. तासाची घंटा झाली.

आणि तेवढ्यात बाविसाव्या नंबरचा तांबडा लागला. जानरावचा.

सर दचकून शेवटच्या बाकाकडे पाहायला लागले. साऱ्या वर्गानं मागे पाहिलं. पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे राहिले होते.

"मी दाबलं," ते म्हणाले. "हे गणित मी चाळीस वर्षं फळ्यावर सोडवलं. दिवे जोडून कधी दाखवले नाहीत, आणि मला कधी कोणी विचारलंही नाही. आज कळलं की मलाही ते पुरतं उमगलेलं नव्हतं. घंटा झाली आहे, पण पुन्हा एकदा सांगाल का, सर?"

सरांनी पुन्हा सांगितलं. कोणी जागचं उठलं नाही.

सरांची नोकरी कायम झाली. एप्रिलच्या परीक्षेत चोवीसपैकी एकोणीस पास झाले. पुढे चार वर्षं मी रोज लागले. मग सरांची अमरावतीला बदली झाली, तिकडे त्यांनी माझ्यापेक्षा मोठी दुसरी पेटी केली म्हणे, आणि इथल्या नव्या प्राध्यापकांनी माझ्या वायरी कापून टाकल्या. त्यांच्या वर्गात सगळ्यांना सगळं समजतं, असं ऐकते.

त्याचं मला वाईट वाटतं. पण मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणणार नाही. माझ्याशिवायही हे जमतं. तुमच्या वर्गात कोणी उठून 'मले नाही समजलं' म्हणालं, तर त्याला हसू नका. आणि जो मास्तर तुम्हाला आवडतो, त्याच्यापुढे तर उगाच मान हलवू नका. आवडतो म्हणूनच त्याला 'नाही' म्हणा.