चौसष्ट किलोचं चाक

चार महिन्यांत सायकलच्या मागच्या चाकाच्या अकरा तारा तुटल्या, एकदा एक्सल वाकला, दोनदा रिमचा आठ झाला, आणि तरी सिस्टरच्या नवऱ्याचं पालुपद एकच होतं, की हल्ली मालच निकृष्ट येतो.

सिस्टर दवाखान्यातर्फे घरोघर जायची. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकायच्या, ज्याचा पगार मिळत नाही. बारा वर्षं ही फेरी तिने सायकलवर केली होती. पण या चार महिन्यांत ती नऊ वेळा उशिरा पोचली, आणि शुक्रवारी दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगून टाकलं, "सोमवारी आठच्या ठोक्याला पहिल्या पेशंटकडे दिसला नाहीत, तर फेरी स्कूटरवाल्या सिस्टरकडे जाईल. तुम्ही टेबलावर बसून केसपेपर काढा." टेबलावर बसायचं म्हणजे तिच्या लेखी जिवंतपणीच भिंतीवर तसबीर होऊन लटकायचं.

चार महिन्यांपूर्वी जुनं चाक झिजलं, तेव्हापासून सायकल दुरुस्तीला न्यायचं काम नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. "तू दिवसभर दमतेस, मी नेतो," म्हणायचा. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असं तिला वाटायचं. तीन चाकं बदलेपर्यंत वाटत होतं.

शनिवारी दुपारी चौथ्या आणि पाचव्या घराच्या मधे मागून 'टण्ण' आवाज आला. बारावी तार. चाक ब्रेकला घासत कण्हायला लागलं. पाचव्या घरी ती पायी पोचली, तर म्हातारबुवा इंजेक्शनसाठी बाही वर करून तासभर बसलेले. नवरा घरी यायला अजून वेळ होता. ती सायकल ढकलत स्वतःच मिस्त्रीच्या दुकानात गेली.

मिस्त्रीने सायकल ओळखली, बाईला ओळखलं नाही. "ही साहेबांची गाडी. गुडघा कसा आहे त्यांचा?"

"गुडघ्याला काय झालंय?"

"पाय वर टाकता येत नाही, म्हणून लेडीज सायकल वापरतात ना?" मिस्त्रीने खिळ्याला अडकवलेली वही काढली आणि तेलकट बोटाने ओळ दाखवली. "हे बघा. चालवणारा, स्वतः. वजन चौसष्ट. मी तर चक्रावलोय ताई. चौसष्ट किलोचा माणूस आठवड्याला तार तोडतो कसा? म्हटलं, शांत दिसतात, पण मुद्दाम खड्ड्यांत घालत असणार. बायकोचा राग असेल."

सिस्टर ओळ वाचत उभी राहिली. मग तिने पर्समधून फोन काढला. "अहो, मिस्त्रींकडे या. आत्ता."

नवरा आला तो चांगला ताठ चालत आला. मिस्त्री गुडघ्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर दोन पावलं लंगडला.

"लंगडू नका," ती म्हणाली. "चौसष्ट कोण?"

"अगं, चारचौघांत तुझं वजन कसं सांगायचं? गिऱ्हाईकं उभी असतात. तुला वाईट वाटलं असतं."

"मी इथे नव्हतेच. मग वाईट कोणाला वाटलं असतं?"

नवऱ्याने टांगलेल्या टायरांकडे पाहिलं. टायर मदतीला आले नाहीत.

"माझी फेरी जायची वेळ आली. तुम्ही रोज रात्री मला मालाचा दर्जा समजावून सांगत होतात. आता सांगा त्यांना."

"शंभर," नवरा पुटपुटला.

"नीट सांगा."

"एकशे अकरा."

हवा भरायला आलेला एक गृहस्थ आपल्या व्हॉल्व्हमधे फारच गुंतला. मिस्त्रीने मान वर न करता आकडा लिहिला आणि विचारलं, "बॅग?"

"आठ किलो," सिस्टर म्हणाली.

"एकशे एकोणीस. एकशे पंचवीस धरू." पडद्याचं माप घ्यावं तसं त्याने ते धरलं, आणि मग मात्र साहेबांवर घसरला. "तीन चाकं फुकट घालवलीत माझी. मी तुम्हाला अठ्ठावीस तारांची हलकी चाकं देत होतो, साहेबांना चढावर बरं म्हणून. यांना छत्तीस तारा लागतात, त्याही जाड. रिम दुहेरी भिंतीची. आणि चाकाच्या मधला हा हब तर खेळण्यातला आहे. एक्सल बारीक, चेनच्या बाजूला आधार नाही. ताई जोर देणार, तो वाकणार. एक्सल वाकला की चाक डोलणार आणि तारा एकेक करून राम म्हणणार. मी तारांनाच शिव्या घालत बसलो."

"किती वेळ लागेल?" सिस्टरने विचारलं.

"जाड एक्सलचा हब मंगळवारी येईल. त्यात तारा विणायला अर्धा दिवस."

"मला सोमवारी आठला पोचायचंय."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. शेवटी पाण्याचे जार वाहणारी आपली स्वतःची सायकल त्याने उलटी केली आणि मागचं चाक काढलं. चाक गंजलेलं, राकट. सिस्टरच्या सायकलच्या फ्रेममधे बसेना. हब बोटभर रुंद होता. पायाने दाबून, पहारीने ताणून त्याने फ्रेमचे पाय फाकवले. एकदा चाक बसलं तर चेन वाकडी, चेन सरळ केली तर ब्रेक पोचेना. दोन तास गेले. नवरा मधेमधे पाना पुढे करत होता, दर वेळी चुकीच्या मापाचा.

"दिसायला बैलगाडी आहे," मिस्त्री म्हणाला. "चढावर मला शिव्या द्याल. पण तुटणार नाही."

सोमवारी तिने चढावर शिव्या दिल्या, पण मिस्त्रीला नाही. आठला पाच कमी असताना ती पहिल्या दारात उभी होती. घामाने निथळत तिने सात घरं केली आणि संध्याकाळी फेरीच्या वेळांची वही मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी प्रत्येक वेळेवर बोट फिरवलं. "आजचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "महिनाभर असंच दिसलं, तर स्कूटरवालीचा विषय मी काढणार नाही."

महिनाभर. नऊ वेळचा उशीर तिच्या नावावर, आणि वजन दुसऱ्याच्या.

घरी नवऱ्याने चहा तयार ठेवला होता. "चाक कसं आहे?"

"चाक चांगलं आहे," ती म्हणाली. "चाकाशी माझं भांडण नाही." आणि कप उचलून ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.