रविवारचा खाडा

माझे वडील, आप्पा, माझ्याशी कधी वाद घालत नसत, आणि त्याचाच मला राग यायचा. त्यांचा सगळा जन्म प्रतिजैविकाच्या कारखान्यात जिवाणू वाढवण्यात गेला. काचेच्या चंबूचं बूच काढून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, हा कामाचा, हा नुसता खाऊन सुस्तावलाय. जिवाणू मातीतले, त्यामुळे त्यांच्या शर्टाला सहा दिवस ओल्या मातीचा वास असायचा. रविवारी साबणाचा. रविवारी ते माझे असायचे. सायकलमागे धावायचे, पत्त्यांत मुद्दाम हरायचे.

पदवी घेऊन मी त्याच कारखान्यात लागले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते आणि मला शिंगं फुटली होती. शनिवारी चंबूत वाढलेले जिवाणू ते रविवारभर नव्या खाद्याशिवाय ठेवत आणि सोमवारी मोठ्या टाकीत सोडत. का, तर म्हणे "सोमवारी खूश असतात." मी अहवाल लिहिला, की हा खाडा निरर्थक आहे, टाकी रविवारीच भरावी. साहेबांना पटलं. आप्पांनी मुकाट सही केली. त्याच महिन्यात टाकी बदलली, खाद्य बदललं, त्यामुळे उत्पादन घसरलं तेव्हा खापर फोडायला डोकी पुष्कळ होती. माझ्या अहवालाकडे कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

अकरा वर्षांनी साहेबांनी ठरवलं, की जिवाणूंचं हे वाण म्हातारं झालं, टाकून द्यायचं आणि बाहेरून नवं आणायचं. आप्पांनी हयात घालून निवडलेलं वाण ते. मी भांडून तीन महिने मागून घेतले.

दर दोन तासांनी टाकीतला नमुना काढून जिवाणूंची कोणती जनुकं जागी आहेत ते मोजलं. जी एकत्र उठतात, एकत्र झोपतात, त्यांना रेषांनी जोडलं. हजारो जनुकांचं जाळं झालं. प्रतिजैविक बनवणाऱ्या जनुकांच्या रेषा फिरून फिरून एकाच जनुकापाशी येत होत्या, आणि ते बेटं पोट भरलेलं असेपर्यंत कूससुद्धा बदलत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चंबू एक दिवस उपाशी ठेवले. उत्पादन दीडपट झालं.

वाण वाचलं. साहेब म्हणाले, आता ते जनुकच असं बदल की उपासाशिवाय जागं राहील, म्हणजे खाड्याची भानगड नको, टाकी रविवारीच भरता येईल.

त्याच संध्याकाळी मी जाळ्याचा कागद आप्पांपुढे पसरला. चूक माझी होती, तुम्हाला सगळं ठाऊक होतं, असं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि ओशाळं हसले.

"मला कुठलं ठाऊक गं? तू दुसरीत होतीस. रविवारी मी कामाला निघालो की दारात उभी राहून रडायचीस. म्हणून साहेबांना थाप मारली, चंबूंना एक दिवस विश्रांती लागते म्हणून. सोमवारच्या टाकीत माल वाढला, तेव्हा मीच चाट पडलो."

"मग माझ्या अहवालावर सही का केलीत?"

"तू मोठी झाली होतीस. म्हटलं, आता हिला रविवार नको असेल."

अकरा वर्षं दर रविवारी मी टाकी भरायला उभी होते आणि आप्पा घरी एकटे होते. मी कागदाची घडी घातली.

"या रविवारी येते मी," मी म्हणाले. "जनुक सोमवारी बदलू."

आप्पा पत्ते शोधायला उठले.